सुताची दोरी

माझ्यासमोर त्यांनी दोरी जाळली.

तलावाच्या काठावर झेंड्याची उंच काठी होती. स्काउटमास्तरांनी आधी झेंडा सोडवला, घडी करून काखेत धरला. मग दोरी खाली पाडली, लाकडानं ढकलत बाजूला नेली. रॉकेल ओतलं. पोरं निळे गळपट्टे बांधून गोल उभी. मी गोलाच्या बाहेर. मास्तर म्हणाले, "झेंडा लोकरीचा आहे. लोकरीला विटाळ नाही. दोरी सुताची आहे."

दोरी पावसानं ओली होती. पेटेना. धूर माझ्याच तोंडावर येत होता. वाटलं, दोरी संपली की माझी पाळी.

वऱ्हाडात समुद्र कुठला? पण जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या मनात आलं, म्हणून अमरावतीबाहेरच्या तलावावर आमच्या हायस्कुलातल्या समुद्री बालवीरांचं पथक निघालं. एक नाव, एक काठी, आणि विलायतेचा तांबडा झेंडा, कोपऱ्यात युनियन जॅक. महाराचं एक पोर घ्या, हेही साहेबच बोलला. ते पोर मी. भिजलेला झेंडा वाळवायचा, झाडायचा, हे माझं काम. सोवळ्याची लोकरी धाबळी बाटत नाही, तसा माझ्या हातचा झेंडा बाटत नसे. दोरी ओढून तो चढवायचा मान इतरांचा. मीही खुळा. झेंडा हाताला लागतो, एवढ्यावरच फुगलो होतो.

माझा बाप कापसाच्या जिनात राबायचा. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. आमच्या हातांतून गाडीच्या गाडी कापूस जायचा, तेव्हा बाटायचा नाही. त्याचीच दोरी वळली की बाटायची. वा रे धर्म!

त्या दुपारी, दोरी जाळण्याआधी, आभाळ काळं झालं. नाव तलावाच्या मध्यावर, तिच्यात चार पोरं. झेंडा खाली आला की तडक काठाला यायचं, असा पथकाचा नियम. दुसऱ्या दिवशी साहेबाची तपासणी होती, त्या गडबडीत मास्तर शाळेत गेलेले. काठावर मी एकटा. वारा सुटला. नाव कलली. मी बोंबललो, वाऱ्यात ऐकू गेलं नाही. मग दोरीला हात घातला आणि झेंडा खाली ओढला. पोरं वल्ही मारत आली, थरथरत. मास्तर परतल्यावर त्यांतल्याच एकानं सांगितलं, दोरी यानं ओढली.

घरी बाप भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. जिनाचा मालक मास्तरांच्या ऊठबशीतला.

"काहून हात लावला तुनं?"

"बा, पोट्टे बुडले असते."

"बुडू द्याचे होते. आता मले जिनातून काढतीन. उद्या गुपचूप उभा राय तिथं."

रागानं नाही बोलला तो. भीतीनं बोलला. त्याची भीती पाहून मला पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीवर. नवी दोरी. गाठ मास्तरांनी स्वतः मारलेली. झेंडा वर गेला, सगळ्यांनी सलामी दिली. वारा अजून थांबला नव्हता. गाठ सुटली आणि झेंडा फडफडत पाण्यात पडला.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "जा रे, काढ. लोकरीचा आहे."

माझा पाय उचलला होता. सवयीनं. बापाचं तोंडही दिसत होतं. पण नाकात कालचा धूर होता. मी पाय खाली ठेवला.

"गाठ ज्यानं मारली, त्यानं काढावा."

कुणी हललं नाही. लोकर पाणी पिऊन जड झाली, झेंडा हळूहळू खाली गेला. सगळे बघत राहिले, साहेबसुद्धा.

त्याच आठवड्यात माझी शाळा गेली, बापाचं जिनातलं काम गेलं. आम्ही अकोल्याला येऊन हमाली केली. बाप मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं मला दुःख आहे. पश्चात्ताप नाही.

पुढं राज्य बदललं, झेंडा बदलला. नव्या झेंड्याला वस्तीतली माणसं हवीत, म्हणून पुढारी बोलवायला आले. रांगेत पुढं उभं करू म्हणाले. मी त्यांना ओट्याखालीच उभं ठेवलं.

"दोरी कोनाच्या हातात रायन, ते सांगा आधी."

ते पुन्हा रांगेचंच बोलू लागले. मी दार लावलं.