अक्काच्या अंगणातलं इंजिन

दाजी गेल्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा अक्काने मला केलगेरीला तिच्या घरी बोलावून घेतलं. मी हुबळीच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो, राहायला नवनगरात. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मे महिन्याची सुटी चालू होती. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. फोनवर एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी ये. जुने कपडे घालून ये." मला वाटलं, माळा झाडायचा असेल.

अंगणात दाजींची गाडी उभी होती. दाजी पेशाने वकील, पण गाडीला त्यांनी कधी मेस्त्रीचा हात लागू दिला नाही. ते असतानाच इंजिन निकामी झालं होतं, म्हणून दुसरं एक वापरलेलं इंजिन त्यांनी हुबळीहून आणून शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ते बसवायच्या आधीच एका दुपारी कोर्टातून लवकर घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळी सगळं संपलं. त्यानंतर जो भेटायला येई तो अक्काला सांगे, गाडी काढून टाका. अक्का त्याला चहा देई आणि पाऊसपाण्याचं विचारी.

"इंजिन बदलायचंय," ती म्हणाली. पदर कमरेला खोचलेला होता.

"कोण बदलणार?"

"आपण की."

मी हसलो. ती हसली नाही. आपल्या बहिणीला काही झालंय की काय, असा विचार माझ्या मनात आला आणि दिवसभर अधूनमधून येतच राहिला.

तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली. गावातला बोअरच्या मोटारी वर काढणारा माणूस आला होता. पन्नाशीचा, काटक, कपाळाला रुमाल बांधलेला. हातगाडीवर तीन जाड लोखंडी पाइप आणि साखळीची कप्पी. त्याने गाडी पाहिली, अंगण पाहिलं, मग अक्काकडे पाहिलं.

"अक्कार, बोर एल्लि ऐति?" बोअर कुठाय, असं तो विचारत होता.

बोअर नाही, हे इंजिन वर काढायचंय, असं अक्काने त्याला कानडीत समजावलं. त्याने वजन विचारलं. अक्काने माझ्याकडे बघितलं, मी गाडीकडे. शेवटी त्यानेच शेडमधल्या इंजिनाची ताडपत्री वर केली, दोन्ही हातांनी ते जरा हलवून बघितलं आणि "बरतैति," म्हणाला. म्हणजे येईल.

आम्ही तिघे असे होतो. त्याला उचलायचं ठाऊक होतं, पण इंजिन त्याने कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. आणि अक्का वीस वर्षं दाजींच्या बाजूला उभं राहून त्यांना पाने देत आली होती. काय काढल्यावर काय काढायचं, हे तिला पाठ होतं. अडचण एवढीच की तिने स्वतःच्या हाताने एक नटसुद्धा कधी सोडवला नव्हता.

आणखी एक अडचण हत्यारांची पेटी उघडल्यावर कळली.

"धाकटी दे," अक्का म्हणाली.

"कोण?"

"धाकटी रे! आणि नंतर मामंजी लागतील."

दाजींनी प्रत्येक पान्याला स्वतःचं नाव ठेवलं होतं. मामंजी म्हणजे सगळ्यात मोठा पाना, हे अंदाजाने कळलं. बाकीची नावं तिला ऐकून माहीत होती आणि हाताला सवयीची होती, पण "केवढ्या मापाचा?" असं विचारलं की ती गोंधळायची. मग मी एकेक वर धरायचो आणि ती "नव्हे, नव्हे, हां, तोच," म्हणायची.

आम्ही बॉनेट उतरवलं. रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं. वायरी सोडवायची वेळ आली तेव्हा मला निदान आपल्या कामाचं काहीतरी सापडलं. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून, दोऱ्याने बांधून, मी प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. उजवी, डावी, पहिली, दुसरी.

डाव्या बाजूचं सगळं अक्का भराभर सांगायची. उजव्या बाजूचं आलं की थांबायची, कपाळाला आठ्या घालायची.

"उजवीकडचं का आठवत नाही तुला?" मी चिडून विचारलं.

"तिकडं ते असायचे," ती म्हणाली. "मी नेहमी इकडंच उभी. त्यांच्या पाठीमागचं मला कसं दिसणार?"

मला वाईट वाटलं की राग आला, नीट सांगता येणार नाही. आम्ही दोघे मग उजव्या बाजूला गेलो आणि जे हाताला लागेल ते चाचपत बसलो.

इंजिन वर घ्यायचं म्हणजे ते उचलून पुढे आणायचं, असं मी धरून चाललो होतो. बोअरवाल्याने तीन पाइपांची तिपाई उभी केली, दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना, एक पुढे. गिअरबॉक्स जागेवरच राहणार होता, त्याला अक्काने आडव्या फळीवरून दोरीने टांगून घेतलं. साखळी ताणली, नट निघाले, आणि तो मला तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, "सर, गाडी मागे ढकला."

"इंजिन?"

"ते कुठं जातंय? गाडी मागे घ्या."

मी पुढच्या चाकापाशी उभा राहून ढकललं. गाडी वीतभर मागे सरली, इंजिन जागेवरच लटकून राहिलं आणि गिअरबॉक्सचा दांडा त्यातून सुटून बाहेर आला. मग त्याने कप्पी ओढायला सुरुवात केली. इंजिन हळूहळू वर आलं, जरा गिरकी घेऊन थांबलं. खाली तेल टपकत होतं. आम्ही गाडी पूर्ण मागे घेतली. समोर गाडी, मध्ये हवेत इंजिन, आणि गाडीच्या पोटात नुसतं भगदाड. मला त्या क्षणी खात्री झाली की हे आता आयुष्यात परत जुळणार नाही.

अक्का मात्र भगदाडात वाकून बघत होती. "एवढंच असतं होय आत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुन्या इंजिनावरचा क्लच नव्यावर चढवला. क्लचची गोल तबकडी मी डोळ्याच्या अंदाजाने मध्यावर धरली आणि नट आवळले. नवं इंजिन तिपाईला टांगलं, गाडी पुढे ढकलली. दांडा आत गेला आणि बोटभर अंतर राहिलं असताना अडला. मागे घेतली, परत ढकलली. परत तेवढंच अंतर. बोअरवाल्याने इंजिन जरा वर घेतलं, जरा खाली सोडलं, मी जॅक लावला, काढला. दुपार झाली. नट आवळून ओढून घेऊ, असं मी म्हणालो. अक्का किंचाळली, "नको! काहीतरी तुटतंय त्यानं. काय ते मला माहीत नाही, पण तुटतंय. ते ओरडायचे त्यावरून."

ती पायरीवर जाऊन बसली. डोळे मिटून, ओठांनी पुटपुटत, ती सगळं काम पहिल्यापासून मनात म्हणत होती. मग एकदम उठली, स्वयंपाकघरात गेली आणि लाटण्याएवढा एक लाकडी दांडा घेऊन आली. दांड्याचं टोक निमुळतं होतं.

"हे ते शेवटी मागायचे. 'लाटणं दे' म्हणायचे. मी गेलं वर्षभर खिडकीला टेकण म्हणून लावत्येय."

बोअरवाल्याने तो हातात घेऊन फिरवला, गिअरबॉक्सच्या दांड्याकडे बघितलं, क्लचच्या भोकाकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला. तबकडी ऐन मध्यावर आहे की नाही, ते त्या लाकडाने ठरवायचं होतं. माझ्या डोळ्याचा अंदाज दोन-तीन मिलिमीटरने चुकला होता. नट ढिले केले, लाटणं घातलं, परत आवळले. या वेळी गाडी ढकलली तेव्हा एक बारीक आवाज झाला आणि अंतर मिटलं. बोअरवाला हात जोडून गाडीला की अक्काला, कुणाला तरी नमस्कार करून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी बोअरवाला तिपाई न्यायला आला, तोवर सगळं जोडून झालं होतं; मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मागून बार उडाल्यासारखा मोठा आवाज झाला आणि शेजारची कुत्री पळाली. पुन्हा तेच. चिठ्ठ्या तर बरोबर होत्या, मी स्वतः लिहिल्या होत्या.

अक्का चिठ्ठ्या वाचत म्हणाली, "पहिली म्हणजे कुठली रे? कुठून मोजलंस?"

मी सोडवताना सीटच्या बाजूने मोजलं होतं. लावताना पुढे उभा होतो, तिथून मोजलं. शाळेत पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारा मी. मग वायरी काढून उलट क्रमाने लावल्या. इंजिन चौथ्या फिरकीला सुरू झालं, आधी अडखळत, मग एकसारखं.

अक्का गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, ती आता रडेल. मी तयारीतही होतो. ती म्हणाली, "पुरे, बंद कर. हातपाय धुवा, भाकरी टाकते." आणि आत गेली. मी आणि बोअरवाला एकमेकांकडे बघत राहिलो.

जेवताना मी विचारलं, "आता ही चालवणार कोण?"

"मी. तू शिकवणार."

मला स्वतःला जेमतेम येत होती. तरी रोज संध्याकाळी केलगेरीच्या तळ्याकडच्या रस्त्यावर आम्ही जाऊ लागलो. अक्का तेव्हा बावन्न वर्षांची. आठव्या की नवव्या दिवशी तिने म्हशींच्या कळपापुढे गाडी तीनदा बंद पाडली आणि मी तीनदा ओरडलो.

"उतर तू," ती म्हणाली.

"काय?"

"उतर म्हणत्ये. तू ओरडतोस म्हणून बंद पडती."

मी उतरलो. ती गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, तिला रिव्हर्स शिकवायचं राहून गेलं होतं. ती वळणार कशी? मी थोडा तिच्या मागे पळत गेलो, मग थांबलो, परत आलो. जावं तर ती इकडून येईल, थांबावं तर तिकडे अडकली असेल. पाऊण तास मी त्या रस्त्यावर उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत होतो, पांढरी गाडी दिसली का, बाई चालवतेय.

हॉर्न वाजला तो माझ्या पाठीमागून. सगळ्या गावाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूने आली होती.

"तिकडं काय बघतोस?" अक्का म्हणाली. "बस लवकर. ब्रेक लावून ठेवलाय, पाय दुखतोय."