शिफारसपत्रातलं एक वाक्य

बारावीच्या डिसेंबरात प्राचार्य मला म्हणाले, "शिफारसपत्र तूच लिहून आण, बाळ. मी नजर टाकतो आणि सही करतो."

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. शिक्षकाला इंग्रजीत पानभर लिहायला वेळ नसतो, आणि विद्यार्थ्याला स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून करायची संधी मिळते. खाली सही आणि शिक्का आला की ते पत्र शिक्षकाचं होतं.

मला ते हवं होतं दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठासाठी. चार वर्षांचा समाजशास्त्राचा अभ्यासक्रम, निवडलेल्यांना शुल्कमाफी. अर्जात बाकी सगळं आपण भरायचं, पण प्राचार्यांचं पत्र चढवल्याशिवाय तो पुढे सरकतच नव्हता. हा अभ्यासक्रम मी शोधला नव्हता. माझ्या मैत्रिणीनं शोधला होता. ती शिरोळची, वसतिगृहात राहायची. तिचे वडील विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचे. वर्गात तिच्यासारखे प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आम्ही दोघींनी तो अर्ज एकाच दिवशी उघडला होता. माझा पुढे गेला, तिचा अडला, आणि तो अडण्याचं कारण मी होते.

आमच्या कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. चावी ऑफिसात, शिपायाच्या टेबलावर. जायचं असेल तर सगळ्यांदेखत ती मागायची. मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. सप्टेंबरात मी त्यावर एक पत्रक लिहिलं. पत्रकं मला नवीन नव्हती. माझे वडील फौंड्रीत होते तेव्हा युनियनची पत्रकं तेच लिहायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत भांड्यांच्या फळीवर अंथरायला वर्तमानपत्र नसायचं, उरलेली पत्रकं असायची. मी बाराखडीनंतर सरळ मागण्याच वाचायला शिकले. त्यामुळे माझ्या पत्रकात पहिलीच ओळ होती : "आमच्या शरीरधर्माला शिपायाची परवानगी कशासाठी?"

वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"भाषा बरी हाय. खाली नाव न्हाय."

"'विद्यार्थिनींच्या वतीने' लिहिलंय की."

"वतीने म्हंजे कोण? उद्या कुणी विचारलं तर वतीला बोलावणार काय?"

मी हसले आणि तशाच दोनशे प्रती काढल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी आम्ही त्या वाटल्या. मी जिन्याच्या बाजूला, ती फाटकाशी. माझा गठ्ठा लवकर संपला. तिच्या हातात पंधरावीस प्रती शिल्लक असताना शिपायानं तिला धरलं. हे कुणी लिहिलं, असं ऑफिसात विचारल्यावर ती म्हणाली, मी. मला विचारायला तिला वेळच नव्हता. पण मला जाऊन खरं सांगायला वेळ होता. दार उघडंच होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. मी बाहेर पाण्याच्या टाकीशी उभी होते. क्लार्क म्हणाला, "या पावणं, बसा." ते बसले नाहीत. तारेचं वॉर्निश लागलेले हात त्यांनी पाठीमागे धरले होते. प्राचार्यांनी विचारलं, "मुलीला शिकवायचंय की पुढारी करायचंय?" ते म्हणाले, "चुकलं साहेब." त्यांनी पत्रक वाचलेलंही नव्हतं. मैत्रिणीनं माफीनामा लिहून दिला आणि तो फायलीला लागला. पंधरा दिवसांनी कुलूप निघालं. पत्रक जिंकलं म्हणून मुली आम्हाला टाळ्या देत होत्या. तिनं टाळी घेतली. मीही घेतली.

शिपायानं धरलं त्या संध्याकाळीच ती म्हणाली होती, "दोघींची नावं खराब करायची कशाला? तू वक्तृत्वात कप आणलेली, तुला हात लावायचे न्हाईत. राहू दे बाहेर." तिच्या या म्हणण्याला मी फार लवकर होकार दिला. त्या होकाराइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

डिसेंबरात तीही पत्र मागायला गेली. प्राचार्य म्हणाले, "वर्तणुकीचा दाखला देतो, तो नियमानं द्यावा लागतो. शिफारस कशाची करू?"

मी नेटकॅफेत बसून माझं पत्र टाईप करायला घेतलं. प्राचार्यांच्या तोंडून मी लिहिलं की ही विद्यार्थिनी अभ्यासू आहे, स्पष्टवक्ती आहे, आजूबाजूच्या अन्यायाबद्दल सजग आहे. तिथं हात थांबला. विद्यापीठाला असल्याच मुली हव्या असतात हे मला ठाऊक होतं. ज्या कामासाठी कॉलेजनं तिला माफी मागायला लावली, तेच काम मी नाव न घेता माझ्या खात्यात ओढत होते.

मी वसतिगृहावर गेले आणि म्हटलं, सरांना खरं सांगते.

ती कपडे वाळत घालत होती. "आता? आता सांगितलंस तर तुझं पण पत्र जाईल. माझं परत येणार हाय काय?"

"पण खोटं आहे ते."

"तवा खोटं नव्हतं व्हय? बोलायचं हुतं तवा बोलली न्हाईस. आता तुझ्या मनाला टोचतंय म्हणून बोलणार. माझ्यासाठी बोलतीयास असं तेवढं म्हणू नको."

तरीही मी गेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं. सर, ते पत्रक मी लिहिलं. तिनं फक्त वाटलं. तिचा माफीनामा काढून टाका आणि पत्र द्या. मला नाही दिलंत तरी चालेल. हे सगळं मी एका दमात, उभ्यानं बोलले.

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी रागाची, अपमानाची, कॉलेजातून काढून टाकण्याची तयारी करून गेले होते. कौतुकाची तयारी नव्हती.

"मैत्रिणीसाठी दोष अंगावर घेतेस? हे संस्कार आहेत बाळ. पण असं कुणासाठी आपलं नुकसान करायचं नसतं."

"सर, खरंच मी लिहिलं."

"तू तसलं लिहिणार नाहीस. मी ओळखतो ना तुला. आणि त्यांच्यातल्या मुली डोक्यानं गरम असतात, मी काय आज बघतोय? हे तुझ्या पत्रात घाल. मैत्रिणीसाठी स्वतः पुढे येण्याची वृत्ती. बाहेरची विद्यापीठं असलं बघतात. उद्या आण, सही करतो."

'त्यांच्यातल्या' हा शब्द ते इतक्या सहज बोलले की मला अंगावर काटा यायलाही उशीर लागला. दोन मुली. एक पेठेतली, कप आणलेली, त्यांच्या ओळखीच्या आडनावाची. दुसरी शिरोळची, मुसलमान, मोटारी भरणाऱ्याची. त्यांनी दोघींचा निकाल पत्रक वाचायच्या आधीच लावून टाकला होता. माझी कबुलीसुद्धा त्या निकालात बरोबर बसली. ती खरं बोलली असती तर उद्धट ठरली असती. मी खरं बोलले तर उदार ठरले.

घरी येऊन राज्यशास्त्राची वही काढली. वहीच्या मागच्या पानांवर पत्रकाचा कच्चा मसुदा होता, माझ्या अक्षरात, खाडाखोडीसकट. हा पुरावा कुणाला नाकारता आला नसता. मी ते पान फाडून घेतलं. आणि नेटकॅफेत जाऊन पत्रात ते वाक्यही टाईप केलं, सरांनी सांगितलं तसं. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवले. कुठला द्यायचा ते तिथं ठरवू, असं मनाशी म्हटलं. पण असं म्हणतो तेव्हा माणसाचं ठरलेलं असतं.

प्राचार्य फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला. मी टाईप केलेला कागद दिला. त्यांनी न वाचता सही केली आणि शिक्क्यासाठी बोटानं क्लार्ककडे दाखवलं. त्या सगळ्याला मिनिटही लागलं नाही.

मार्चमध्ये मुलाखत झाली, लॅपटॉपच्या पडद्यावर. समोर दोघं होते, एक बाई आणि एक गृहस्थ. माझ्या निबंधावर थोडं बोलून बाई म्हणाल्या, "तुमच्या प्राचार्यांनी एक हृद्य गोष्ट लिहिली आहे. मैत्रिणीसाठी तुम्ही दोष स्वतःवर घेतलात. त्याबद्दल सांगा ना."

मी सांगितलं. ते वाक्य मी टाईप केलं आहे. सगळं पत्रच माझं आहे. घडलं ते नेमकं उलट आहे; दोष माझा होता आणि तो तिनं घेतला. तिचा अर्ज तुमच्यापुढे यायला हवा होता, तो पत्राअभावी अडला. तुम्ही तिला एकदा तरी बोलावून बघा.

मग गृहस्थ म्हणाले की इतका प्रामाणिकपणा त्यांना फार कमी मुलांत दिसतो. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी पुन्हा म्हटलं, "आणि तिचा अर्ज?"

"पूर्ण भरलेल्या अर्जांचाच आम्ही विचार करू शकतो," बाई म्हणाल्या. आवाजात खरोखरच वाईट वाटल्यासारखं होतं.

महिन्याभरात माझी निवड झाली. शुल्कमाफीसकट.

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोडू नको. सोडून तिला काय मिळणार हाय? पण शिरोळला जाऊन ये. फोनवर सांगू नको."

मेमध्ये गेले. तिच्या वडिलांचं दुकान रस्त्यावरच होतं. मैत्रीण आत बाकावर बसून मोबाईलवर जवळच्याच एका कॉलेजचा अर्ज भरत होती. त्यात शिफारसपत्राचा रकानाच नव्हता. मला बघून ती सरकून बसली. "निवड झाली म्हणं," एवढंच म्हणाली. तिला हेवा वाटत असावा असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ती थकलेली दिसली.

तिचे वडील साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, ते पत्रक हिनं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं."

त्यांनी डावा हात वर केला. वेढे मोजत होते. मधेच बोललं तर मोजणी चुकते. ओठ हलत राहिले. मोटारीचं वेटोळं पुरं होईपर्यंत मी तशीच उभी. मग त्यांनी तार कापली, टोकाला गाठ मारली आणि विचारलं, "काय म्हणालीस?"

दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

त्यांनी पुरावा मागितला नाही. मुलीकडे बघितलं नाही. एका वाक्यात त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. मी दाखवू शकले असते त्या मसुद्याच्या कागदानंही प्राचार्यांचा कदाचित बसला नसता.

"आमाला बोलावल्यालं, तवा कॉलेजात हुतीस?"

"होय."

"मी काय बोललो ते ऐकलंस?"

"होय."

"अब्बा, जाऊ दे की," मैत्रीण मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली.

"मी कुठं काय म्हणतोय?" त्यांनी वॉर्निशचा डबा उघडला, ब्रश बुडवला. वेटोळ्याच्या एका बाजूला हात फिरवून झाल्यावर म्हणाले, "कोल्हापूरची गाडी साडेचारला हाय."

तेव्हा साडेतीन वाजले होते. मैत्रिणीनं अर्जावरचं शेवटचं बटण दाबलं आणि पोच निघते का बघत बसली. मी चपला घातल्या आणि स्टँडकडे चालायला लागले.