मनोबल रथाचे हीटर

दिग्रसच्या निजामुद्दीन मिस्त्रीला धक्का मारून चालू होणाऱ्या गाडीचा भारी राग. तीस वर्षांत त्याच्या अंगणातून एकही गाडी धक्क्यावर बाहेर पडली नव्हती. "जिले ढकला लागते, ते गाडी नाही, हातगाडी व्हय," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे.

कापसाचे वाईट दिवस आले, तेव्हा जिल्ह्यात समित्यांचं पीक मात्र जोरदार आलं. त्यातल्या एका समितीने जुना डिझेल ट्रक रंगवून घेतला, वर भोंगा बसवला, बाजूला हसरा शेतकरी काढला आणि नाव दिलं 'मनोबल रथ'. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना उमेद द्यायची, हे रथाचं काम. अडचण एवढीच, की थंडीच्या सकाळी रथ स्वतःच उठत नसे.

समितीचे साहेब सदाशिवराव तो निजामुद्दीनकडे घेऊन आले. इंजिनाला सकाळची ऊब देणारे चारही हीटर प्लग मिस्त्रीने काढले आणि एकेक वायरीने बॅटरीला लावून पाहिला. चांगला प्लग बघता बघता लाल होतो. हे चारही काळे ते काळेच.

"साहेब, चारही जळले. नवे आणून द्या, घंटाभरात लावून देतो."

"नव्या सामानाला मंजुरी नाही. रंगाला होती, भोंग्याला होती."

"मंग भोंग्यालेच सांगा गाडी चालू कराले."

सदाशिवरावांना विनोद कळत नसे. नोकरीत त्यांचं त्यामुळे भलंच झालं होतं. "दुपारी होतो ना चालू? झालं तर! परवा सकाळी उद्घाटन. रथ तयार करणारे मिस्त्री म्हणून तुमचा सत्कार आहे. पत्रिका छापल्यात."

निजामुद्दीन घाबरला. अख्ख्या बाजारासमोर आपल्या नावाची गाडी लोक ढकलणार! दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. "जाऊच नका," असं त्याची बायको जोहराबी म्हणाली. पण न जावं, तर मिस्त्री तोंड लपवून बसला म्हणायला दिग्रस मोकळं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गारठा मरणाचा. तीन भाषणं झाली. निजामुद्दीनच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, हिरवा झेंडा हलला. ड्रायव्हरने स्टार्टर मारला. खर्रर्र, खर्रर्र. पांढरा धूर आला, रथ काही जागा झाला नाही. बॅटरी दमायला लागली.

सदाशिवराव भोंग्यावरून गरजले, "शेतकरी बांधवांनी रथाला हातभार लावावा!"

उमेद घ्यायला आलेली माणसं बाह्या सरसावून उमेद ढकलायला निघाली. ते पाहून निजामुद्दीनचं टाळकं सरकलं.

"कोणी हात लावू नका!"

त्याने खांद्यावरची शाल ओढली, काठीला गुंडाळली, डिझेलमध्ये बुचकळली आणि पेटवली. इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी तो जाळ धरून तो ओरडला, "मार आता!" गरम हवा आत गेली आणि रथ धडधडून उठला. काळा धूर थेट व्यासपीठावर गेला, पाहुणे खोकू लागले. लोकांनी त्या सकाळची पहिली मनापासूनची टाळी वाजवली.

सदाशिवराव डोळे चोळत खाली आले. "मिस्त्री, सत्काराची शाल जाळलीत? आणि उद्या सकाळी काय करायचं?"

निजामुद्दीनने पँटला हात पुसले.

"रोज एक सत्कार ठेवा, साहेब."