लाल शाईची वही

नव्वद सालच्या सुमारास कात्रपच्या मारुतीच्या देवळात एक गृहस्थ रोज लाल शाईने वही भरत बसायचे. मला वाटलं, रामनाम असेल. एकदा डोकावलो तर पानभर ‘सुमन’.

“डोक्याच्या इस्पितळात शॉक दिले. आजार गेला, त्याबरोबर बायकोचं नावही गेलं,” ते म्हणाले. “इथल्या बुवांनी रामनाम लिहायला सांगितलं. चौथ्या वहीत हे नाव आठवलं. आता हेच लिहितो. रामाचं मी विसरलोच नव्हतो.”

तेवढ्यात बायको न्यायला आली. “आलो, सुमन,” म्हणत ते चपला शोधू लागले.

बाई हळूच मला म्हणाल्या, “हे माझं माहेरचं नाव. लग्नात यांनीच तांदळात दुसरं लिहून ते बदललं. तीस वर्षांत कुणी अशी हाक मारली नव्हती. यांना सांगू नका हं.”