बडोद्याच्या वहीतली ओळ
१९३६च्या चैत्रात बडोद्याची एक बाई नवऱ्याचा माग काढत नाशकात, रामकुंडाजवळच्या आमच्या उपाध्यांच्या ओसरीवर आली. नवरा तिथल्या संस्थानात कारकून होता. तीन वर्षांपूर्वी यात्रेला म्हणून गेला, तो परतला नव्हता. उपाध्यांकडे प्रत्येक गावाची वेगळी वही असते आणि यात्रेकरू तीत स्वतःच्या हाताने नाव लिहितो. उपाध्यांनी माझ्यासमोर बडोद्याच्या वहीचं लाल फडकं सोडलं, तेव्हा कापराचा वास आला. बाई बसत होती, पुन्हा उठत होती. “गुरुजी, जरा लवकर बघा ना.” “अख्खं बडोदं आहे यात, बाई. तुमचे एकटेच आहेत का?” शेवटी अक्षर तिनेच ओळखलं. उपाध्यांनी ओळ वाचली: संन्यास घेण्यापूर्वी त्याने स्वतःचं श्राद्ध स्वतःच केलं होतं. “म्हणजे आहेत की गेले?” “तेव्हा तरी होते.” “मग मी कुंकू लावायचं की नाही?” “पोथी बघून सांगतो,” उपाध्ये म्हणाले. बाईने थांबायचं नाकारलं. तिने टाक मागून घेतला आणि त्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं. गेल्या वर्षी कापराच्या त्याच वासात मी ते पान पुन्हा पाहिलं. तिच्या नावाआधी ‘सौ.’ आहे.