दाराशी उभ्या मावशी

मावशींचं घोडं अडलं होतं तोंडी परीक्षेपाशी. शाळेचे गणवेश शिवून लेकीचं शिक्षण पुरं केलं आणि पन्नाशीला टेकताना बाईंनी स्वतःच विद्यापीठात नाव घातलं. लेखी पेपर झकास जायचे, पण परीक्षक समोर बसले की दातखीळ बसायची. त्यापायी एक वर्ष हातचं गेलं होतं. यंदाही तेच झालं तर शिक्षणाला रामराम, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं.

"आई, विद्यापीठातच आत्मविश्वासासाठी गट भरतो. सगळे गोल बसून बोलतात. जा की तू," लेक म्हणाली.

मावशी गेल्या, त्याही वेळेआधी. खोलीत खुर्च्या एकावर एक रचलेल्या. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी त्या गोल मांडून पुसायला घेतल्या. तेवढ्यात समुपदेशक मॅडम आल्या. "अरे वा, ऑफिसनं मदतीला माणूस दिलं वाटतं! फार बरं झालं, ताई."

आता मीही विद्यार्थिनीच आहे, एवढं सांगायचं होतं. पण ते जमलं असतं तर मावशी इथे आल्या कशाला असत्या? नुसतं त त प प झालं आणि मान हलली. तीही होकारार्थी!

मग दर बैठकीला तेच. मुलं गोलात बसून भीती सांगायची, रडायची. मावशी दाराशी उभ्या राहून पाणी द्यायच्या. पेनाचं टोपण चावत बसणाऱ्या एका मुलीला तर त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, "पहिलं वाक्य पाठ कर गं, पुढचं येतं मागून." आणि घरी जाताना कपाळाला हात लावला. आपण इथे धीर द्यायला येतो की घ्यायला? त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं.

शेवटच्या बैठकीत प्रत्येकानं उभं राहून बोलायचं होतं. सगळ्यांचं झालं, मॅडम समारोपाला उठल्या.

"माझं राहिलंय," दाराकडून आवाज आला.

मग मावशी थांबेचनात. कोरडा पडलेला घसा, येत असलेलं उत्तर गिळून बसणं, मशीनवर डोकं टेकून रडणं, येत्या शुक्रवारची तोंडी परीक्षा, सगळं बाहेर आलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय हुबेहूब करून दाखवलंत, ताई!" मॅडम म्हणाल्या. "बघितलंत मुलांनो? भीती अशी मोकळेपणानं मांडायची."

मावशींना राग आला, हसू आलं, रडूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खरं बोलल्या, तर ते नाटक ठरलं. की नीट बोलता आलं म्हणूनच ठरलं? डोकं पार चक्रावून गेलं.

सगळे गेल्यावर त्या खुर्च्या रचू लागल्या. टोपण चावणारी मुलगी मागेच घुटमळत होती. "मावशी, ते नाटक नव्हतं ना?"

"नव्हतं गं."

"मग शुक्रवारी मी येते. दाराबाहेर बसते."

मावशींनी उचललेली खुर्ची परत खाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"तूही बस जरा," त्या म्हणाल्या. "मला पहिलं वाक्य पाठ करायचंय. ऐकशील?"