इस्रायल रिटर्न सावळीवहिनी

चूक माझीच होती, आणि ती मी एक हजार पत्रकांवर छापून घेतली होती.

२००७ साली आमच्याकडे पंचायत समितीची निवडणूक लागली. जागा बाईसाठी राखीव होती आणि माझी चुलतवहिनी सावळी पष्टे अपक्ष उभी राहिली. निशाणी कपबशी. मी तिचा प्रचारप्रमुख. धसईला माझी भातगिरणी आहे, भात भरडायला येणाऱ्या प्रत्येकाशी मी बोलतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, त्यामुळे राजकारणातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. पत्रकाचा मजकूर मीच लिहिला, शहापूरच्या छापखान्यात नेऊन दिला आणि वहिनीच्या नावाखाली जाड टायपात दोन शब्द टाकायला लावले: ‘इस्रायल रिटर्न’.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या काळात इस्रायल म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर ठिबकच्या नळ्या यायच्या आणि वाळवंटातले टोमॅटो. पुढारी आठ दिवस अभ्यासदौऱ्याला जायचे आणि पुढे दहा वर्षं त्यावर भाषणं द्यायचे. विरोधी उमेदवार प्रियांकाताई, त्यांचे यजमान शेखरशेट, त्यातलेच. शहाण्णव साली तिकडे जाऊन आले होते. दोन वेळा स्वतः सदस्य होते, आता जागा बाईची झाली म्हणून बायकोला उभं केलं होतं. फोटो तिचा, भाषण यांचं. मी हिशेब केला की शेखरशेट आठ दिवस राहून एवढा तोरा मिरवतात, तर आमची वहिनी पाच वर्षं राहून आली आहे. वहिनीने पत्रक हातात घेतलं आणि म्हणाली की मी तिकडे एका म्हातारीचं हगणंमुतणं काढत होते, ते पण लिहायचं होतं. मी म्हटलं, असलं कोणी पत्रकावर लिहीत नाही.

माझा चुलतभाऊ कान्हा मुरबाडच्या एका कारखान्यात होता. तो चौऱ्याण्णव साली कावीळ होऊन गेला. दोन पोरी पदरात. वहिनी रडत बसली नाही, ठाण्याला आया म्हणून कामाला लागली. तिथे तिला रिबकाबाई भेटल्या. रिबकाबाई बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातच राहिलेल्या. बोलणं मराठी, लुगडं नऊवारी, फक्त शनिवारी कामाला हात लावायचा नाही. त्यांची डावी बाजू वाऱ्याने गेलेली. नव्याण्णव साली मुलगा त्यांना कायमचा इस्रायलला न्यायला निघाला, तेव्हा म्हातारी हटून बसली की सावळीशिवाय मला कोणी हात लावायचा नाही. शेवटी वहिनीचेही कागद झाले. पोरी आमच्या घरी ठेवून ती लोद नावाच्या गावाला गेली. लोद कुठे आहे ते मी शाळेच्या नकाशात शोधलं होतं, सापडलं नव्हतं.

गेल्या गेल्या वहिनीने एक पराक्रम केला. म्हातारीला माहेरची चव द्यावी म्हणून तिने वांग्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातले. जाताना पिशवीत तिने सुकं म्हावरं भरून नेलं होतं, ते आमच्या बाया स्वर्गात जातानाही नेतील. रिबकाबाईंच्या धर्मात सोडे, कोलंबी अजिबात चालत नाही. सूनबाईंनी भांडं तसंच उचलून बाहेर टाकलं, आणि वहिनी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आता आपल्याला परत पाठवणार म्हणून. तर म्हातारी पलंगावर पोट धरून हसत होती. म्हणाली, आमच्या गावी शेजारणीच्या चुलीवरून हा वास यायचा नि मी साठ वर्षं तोंडाचं पाणी गिळलं, आता खाल्लं नाही तरी वास तरी मिळाला. त्या दिवसापासून दोघींचं सूत जमलं.

त्याच घरात युसुफ यायचा. पलीकडच्या, पॅलेस्टिनी गावातला गवंडी. म्हातारीला धरून उठता यावं म्हणून न्हाणीघरात त्याने लोखंडी दांडे बसवून दिले, आणि पुढे नळ गळला की त्यालाच बोलावणं जायचं. रिबकाबाई त्याला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मग सन दोन हजार सरता सरता तिकडचं भांडण पेटलं आणि युसुफचं येणं बंद झालं. पुढे जे झालं ते वहिनीने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. रिबकाबाई दोन हजार चारला गेल्या, वहिनी परत आली, आणि आम्ही तिला फक्त तिथले टोमॅटो केवढे असतात ते विचारलं.

निवडणुकीला ती उभी राहिली ती एका साकवासाठी, नदीवरच्या छोट्या पुलासाठी. नदीपलीकडे उंबरवाडी आहे, चाळीस घरांची कातकरी वाडी. पावसाळ्याचे चार महिने त्यांचा आमच्याशी संबंध तुटतो. दोन हजार सहाच्या श्रावणात पोश्या हिलमची बायको ठकी बाळंतपणात अडली. माणसांनी तिला डोलीत घालून काठापर्यंत आणलं, पण नदी दुथडी वाहत होती. वहिनीने आयाचं काम केलेलं, म्हणून तिला निरोप आला आणि ती धावत या काठावर पोचली. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत ठकी त्या काठावर आणि वहिनी या काठावर. पन्नास पावलांचं अंतर. वहिनी ओरडून ओरडून सांगत होती, हे कर, ते कर. ठकी वाचली, मूल नाही. साकवाचा पायाभरणीचा दगड मात्र तिथे होता, शेखरशेटच्या नावाचा, शेवाळलेला. मी त्या दिवशी वहिनीच्या मागे उभा होतो. निवडणूक लागल्यावर अर्ज भरूनच तिने मला सांगितलं.

तर माझं पत्रक वाटून झालं आणि आठवडाभरात त्याला पाय फुटले. शेखरशेट हुशार माणूस. बाजारातल्या मुसलमान दुकानदारांकडे त्यांची माणसं गेली आणि सांगून आली की ही बाई पाच वर्षं इस्रायलची चाकरी करून आली आहे, तुमच्या माणसांवर तिथे काय चाललंय ते टीव्हीवर बघताच की. आमच्या तरुण पोरांना, माझ्याच गिरणीतल्या गप्पांतून उचलून, वेगळं सांगितलं: ही तिकडे पॅलेस्टिनींना घरात बसवून जेवू घालत होती. एकच बाई दोन्हीकडून दोषी. धसईच्या बाजारात चाळीस वर्षं बांगड्या भरणारे गफूरभाई, वहिनीच्या लग्नातला चुडा यांच्याच हातचा, ते तिला बघून मान वळवायला लागले. हे तिला फार लागलं. मला तर माझ्याच गिरणीत तोंड लपवून बसावं असं झालं होतं.

बाजाराच्या दिवशी दोन्ही बाजूंची सभा एकाच मैदानात ठरली. मी वहिनीला परोपरीने समजावलं: रस्ता, पाणी, साकव, एवढंच बोल. कोणी इस्रायलचं काढलंच तर हात जोड, तो दिल्लीचा प्रश्न आहे म्हण. ती हो म्हणाली. मला हायसं वाटलं.

शेखरशेटनी भाषण संपवलं आणि माइक हातात ठेवूनच वहिनीकडे वळून विचारलं, अगदी गोड आवाजात, की ताई, तुम्ही इस्रायल रिटर्न आहात असं पत्रकावर लिहिलंय, तर जनतेला कळू द्या, तिकडच्या भांडणात तुम्ही कोणाच्या? मैदान हसलं. मी खालून हात जोडून दाखवत होतो. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातला माइक घेतला.

“शेखरशेट, तुमी आठ दिवस होता, तुमी टमाटी पाह्यलीत,” ती म्हणाली. “मी पाच वर्सं होते, मी मानसं पाह्यली. माझ्या म्हातारीची नात बसची वाट बघत उभी होती. बाँब फुटला. ती घरी आली ती पेटीत. सात दिवस त्या घरची मानसं सुतकात जमिनीवर बसली, मीबी बसले. नि आमचा युसुफ, त्याची बायको अडली, तिला दवाखान्यात नेताना वाटंत शिपायांनी गाडी थांबवली. पोर गाडीतच झालं नि गाडीतच गेलं. नातीच्या वेळी युसुफनं म्हातारीला फोन केलता. त्याच्या पोराच्या वेळी म्हातारीनं मला नंबर लावायला लावला. दोघं एकमेकांशी काय बोलली नाय, निस्ती रडली. फोन म्हातारीच्या कानाला मी धरलेला. नि तुमी मला इचारता, यातलं तुझं कोन.”

 भाजीवाले पाट्या सोडून पुढे सरकले.

“तिथून कोनी कुठं जानार नाय,” ती पुढे म्हणाली. “ना हे, ना ते. दोघांना तिथंच ऱ्हायचंय. जो बोलतो का एकानं ऱ्हावं नि दुसऱ्यानं मरावं, त्याच्यातली मी नाय, मग तो कोनाचाबी असो. मला शिकलेल्यावानी बोलता येत नाय. मला येवढंच कळतं.”

तिने माइक खाली ठेवला. मी श्वास सोडला, म्हटलं निभावलं. तेवढ्यात तिने तो परत उचलला.

“युसुफच्या बायकोला बंदूकवाल्यांनी अडवलं. आपल्या ठकीला कोनी अडवलं, ते तुमी सांगा. हितं तर बंदूकबी नव्हती.”

  शेवटच्या रांगेत उंबरवाडीची माणसं उकिडवी बसली होती, ती एकेक करून उभी राहिली.  गफूरभाई आपल्या बांगड्यांच्या पेटीपाशी उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं की बाय, त्या युसुफचं पुढं काय झालं. वहिनीने सांगितलं की दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली, बरी आहे. गफूरभाईंनी मान हलवली आणि डोळे पुसले.

मी स्वतःला शहाणा समजणारा माणूस, पण त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी घरी पायीच चालत गेलो. वहिनी सहाशे बारा मतांनी निवडून आली. उंबरवाडीच्या यंत्रात दुसऱ्या कोणाला एक मत नव्हतं. गुलाल गफूरभाईंच्या दाढीतही होता.

साकवाला दोन वर्षं लागली. वहिनी दर सोमवारी मुरबाडच्या कचेरीत जाऊन बसायची, सोबत भाकरी बांधून. काम का अडलंय ते सांगेपर्यंत उठायची नाही. शेवटी साहेबलोकच तिच्या सोमवारला भ्यायला लागले. दोन हजार नऊच्या जूनमध्ये साकव पुरा झाला. उद्घाटनाला ठाण्याचे एक मोठे पाहुणे यायचे होते, सकाळी अकरा वाजता. मी मंडप घातला, दगडावर त्यांचं नाव रंगवून घेतलं, या टोकाला लाल फीत बांधली. खाली नदी गढूळ धावत होती. शेखरशेटसुद्धा जीप घेऊन आले होते. मानपानाला ते कधी चुकत नाहीत. एक वाजला, दोन वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही.

दोन वाजून गेल्यावर पलीकडून माणसं येताना दिसली. खांद्यावर डोली होती. ठकीला कळा सुरू झाल्या होत्या. पोश्या आणि तिघे जण डोली घेऊन साकवावरून झपाझप आले आणि फितीपाशी येऊन थांबले. कचेरीतले इंजिनियरसाहेब म्हणाले की पाचच मिनिटं, साहेबांची गाडी मुरबाडहून निघाली आहे, फीत तेवढी राहू द्या. आणि पोश्या, ज्याचं एक मूल याच नदीने खाल्लं, तो मान खाली घालून म्हणाला, “थांबतो साहेब.” 

वहिनी मंडपातून उठली. माझ्या हातातल्या तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली.

“थांबायचं नाय, पोश्या,” ती म्हणाली. “आता कोनासाठी थांबायचं नाय.”

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. मी वाजवत होतो, इंजिनियरसाहेब वाजवत होते. शेखरशेटनी, खोटं कशाला बोलू, स्वतः पुढे होऊन जीपचं दार उघडलं. ठकीला आत निजवलं, वहिनी तिच्या उशाशी बसली, आणि जीप धसईच्या दवाखान्याकडे सुटली.

साडेचारला निरोप आला: मुलगा, बाळबाळंतीण सुखरूप. पाच वाजता पाहुणे आले. त्यांना चहा दिला आणि सांगितलं की उद्घाटन झालं. तो दगड मी दुसऱ्या दिवशी पुसून घेतला आणि वहिनीला विचारलं, आता नाव कोणाचं घालू, तुझं घालू का. तिने सांगितलं तसं रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, ते आजही तिथे आहे: या साकवाचे उद्घाटन सौ. ठकी पोश्या हिलम यांच्या हस्ते झाले.